‘आई, तू वहिनीला पारा खायला घातलास’

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या बाई ५९ वर्षांच्या आहेत. माहेर देवगडजवळचं, लग्नानंतर ३४ वर्षं पुण्यात, सध्या धायरीला. गावी असलेला भाऊ अजूनही थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून पुण्याच्या गाडीनं मासळी पाठवतो. चार वर्षांपूर्वी सुनेचं बाळंतपण यांनीच केलं. सुनेला आई नाही. गरोदरपणात सुनेला मासळीचा वासही सोसत नव्हता, पण बाळंतपणानंतर सासूबाईंच्या आग्रहाखातर तिनं चाळीस दिवस, आठवड्यातून दोनदा मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, मटण खाल्लं. मोरीनं अंगावर दूध येतं, असं या बाई लहानपणापासून ऐकत आणि करत आल्या. आता लेकीला चौथा महिना आहे. ती वाकडला राहते, हिंजवडीत नोकरी करते. तिनं फोनवर एक यादी वाचली, त्यात शार्क आणि मॅकरेल दिसले, आणि तिनं मासे सरसकट बंद केले. तिचं बी-१२ कमी निघालंय. वाद झाला तेव्हा ती म्हणाली, “आई, तू वहिनीला पारा खायला घातलास.” नातू पावणेचार वर्षांचा आहे आणि अजून मोजकेच शब्द बोलतो. त्या दिवसापासून बाईंना झोप नाही. त्या विचारतात: हे माझ्यामुळे झालं का? आमचा समुद्र तर स्वच्छ आहे, मग पारा आला कुठून? लेकीला आता काय खायला घालू? आणि फ्रीजरमध्ये दीड किलो मोरी पडून आहे, तिचं काय करू?

ताई,

तुमचं चार पानांचं पत्र माशांबद्दल आहे. नातवाबद्दलच्या दोन ओळी तुम्ही शेवटच्या पानावर, सही करायच्या आधी लिहिल्यात. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ दिला तरी चालेल, त्याला नाही.

पावणेचार वर्षांचं मूल मोजकेच शब्द बोलत असेल तर ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाबाही उशिराच बोलायला लागला होता’ असं म्हणून थांबायचं नसतं. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. पहिली गोष्ट म्हणजे कानांची रीतसर तपासणी. टाळी वाजवली की मान वळवतो, एवढ्यावर विसंबू नका. कमी ऐकू येणारी कितीतरी मुलं मोठ्या आवाजाला मान वळवतात आणि बोलण्यातले बारीक आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. मग वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. मूल नजरेला नजर देतं का, बोट दाखवून मागतं का, इतर मुलांत रमतं का, हे ते बघतील. बोलणं उशिरा येण्याची कारणं बरीच असतात आणि त्यातली बहुतेक मदतीनं सुधारतात. ही मदत जितकी लवकर मिळेल तितकी चांगली. तुम्ही रात्ररात्र जागून ज्या प्रश्नाचं उत्तर शोधताय, त्या प्रश्नानं नातवाचा एक दिवसही पुढे सरकत नाही.

आता तो प्रश्न. तुमच्यामुळे झालं का?

तुम्ही लिहिलंय की सुनेनं गरोदरपणात मासळीला हात लावला नाही, मोरी खाल्ली ती बाळंतपणानंतर. हा फरक फार मोठा आहे. माशांतून येणारा जो पारा असतो, मिथाइल पारा, तो आईच्या नाळेतून बाळाकडे सहज जातो. इतका की गर्भाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त भरतं. पण आईच्या दुधात तो त्यामानानं बराच कमी उतरतो. ज्या काळात बाळाचा मेंदू घडत होता आणि पाऱ्याचा धोका सगळ्यात जास्त होता, त्या नऊ महिन्यांत तुमच्या सुनेच्या ताटात मोरी नव्हतीच. शिवाय तुम्ही म्हणता त्या मोऱ्या हाताएवढ्या होत्या, भाऊ अख्ख्या पाठवायचा. लहान माशात पारा कमी साठलेला असतो. चाळीस दिवसांत दुधावाटे काहीच गेलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या मटणावर नातवाच्या न बोलण्याचं ओझं ठेवायला मला कुठलाही आधार दिसत नाही. डॉक्टरांनी आहार विचारला तर मोरीचंही सांगा, जसं औषधांचं सांगाल तसं, एका वाक्यात. रक्त तपासायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. तुम्ही मनानं तपासण्या करू नका, आणि ‘शरीरातला पारा बाहेर काढतो’ म्हणणाऱ्या कुठल्याही पुडीच्या किंवा काढ्याच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

पण लेक म्हणाली ते सगळंच चूक नव्हतं. तिची माहिती अर्धी बरोबर होती, आणि तो अर्धा भाग तुम्ही नीट समजून घ्यावा असं मला वाटतं.

पारा म्हटलं की आपल्याला फुटलेल्या थर्मामीटरमधली ती चकाकती, घरंगळणारी गोळी आठवते. माशातला पारा तसा नसतो. दगडी कोळसा जळतो, सोनं काढायला छोट्या खाणींवर पारा वापरतात, ज्वालामुखी उसळतात, तेव्हा पाऱ्याची वाफ हवेत जाते आणि वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर फिरून पावसाबरोबर खाली येते. समुद्राच्या आणि खाडीच्या गाळात, जिथं प्राणवायू कमी असतो, तिथं काही जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळासारख्या सूक्ष्म वनस्पतींत शिरतो, त्या खाणाऱ्या जिवांत जातो, त्यांना खाणाऱ्या तारलीत जातो, तारली खाणाऱ्या सुरमईत, आणि सुरमई गिळणाऱ्या मोठ्या मोरीत. प्रत्येक पायरीवर तो साठत जातो, कारण शरीर त्याला फार हळू सोडतं. शार्क शिडीच्या वरच्या पायरीवर बसलेला, त्यातल्या मोठ्या जाती कित्येक दशकं जगणाऱ्या. म्हणून पाण्यात नावालाच असलेला पारा त्याच्या मांसात लाखो पटींनी जास्त सापडतो.

‘आमचा समुद्र स्वच्छ आहे’ हे तुमचं म्हणणं खरं असेल. देवगडचं पाणी मी पाहिलंय. पण या पाऱ्याला जवळ कारखान्याचं गटार लागत नाही. तो आभाळातून येतो, आणि मोठा मासा काही एका गावच्या पाण्यात बसून राहत नाही. नदी किंवा खाडी डोळ्यांना घाण दिसली म्हणजे तिथल्या माशात पारा जास्त आणि निळ्याशार पाण्यात कमी, असं गणित मांडता येत नाही. मासा कोणत्या पाण्यातला, यापेक्षा तो कुणाला खातो आणि किती वर्षं जगलाय, हे आधी विचारायला हवं.

दुसरं तुम्ही लिहिलंय की तुम्ही मोरी ‘नीट साफ करून’ घेता. कशी ते मला दिसतंय: उकळत्या पाण्यात बुडवायची, कानशीसारखी खरखरीत कातडी खरवडून काढायची, तुकड्या करायच्या, हळद-मीठ लावून ठेवायच्या, पहिलं पाणी ओतून द्यायचं, मग आलं-लसणाचं भरपूर वाटण, आणि नंतर भाजलेल्या खोबऱ्याचं. ही सगळी खटपट मोरीला का लागते? तिच्या मांसात युरिया असतो. मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो आणि तो उग्र वास नाकात जातो. धुतलं, उकळलं, पाणी फेकलं की वास जातो, आणि आपल्याला वाटतं की जे काही वाईट होतं ते मोरीतून निघून गेलं. युरिया पाण्यात विरघळतो, म्हणून निघतो. मिथाइल पारा मात्र मांसातल्या प्रथिनालाच घट्ट धरून बसलेला असतो. तो धुऊन जात नाही, तळून जात नाही, कोकमानं किंवा लिंबानं कापला जात नाही. त्याला वास नाही, चव नाही. सुकवलेल्या मोरीत तर पाणी उडून जातं आणि पारा तेवढाच उरतो, म्हणजे ग्रॅममागे तो आणखी वाढतो. तुमचं साफ करणं चोख होतं, ताई. पण या एका गोष्टीवर त्याचा इलाज चालत नाही, आणि हे तुमच्या आईला किंवा आजीला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

किती म्हणजे किती, ते एकदा आकड्यांत बघू, म्हणजे भीती मापात येईल. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २००३ साली गर्भाचा विचार करून मर्यादा ठरवली: दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. तुमच्या लेकीचं वजन ६० किलो धरलं तर आठवड्याचे ९६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिथल्या बाजारात तपासलेल्या शार्कमध्ये सरासरी किलोमागे जवळपास १ मिलिग्रॅम पारा निघाला. म्हणजे १०० ग्रॅम शार्क, वाटीभर रश्शातल्या तीन-चार तुकड्या, आणि आठवड्याचा कोटा संपला. त्यांच्याच तक्त्यात तारलीच्या जातीच्या माशात हे प्रमाण इतकं कमी आहे की १०० ग्रॅममागे दीड मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. शार्क आणि तारलीत सत्तर पटींचा फरक! आपल्याकडे मिळणारी छोटी मुशी (मोरीचंच दुसरं नाव) त्या मोठ्या शार्कइतकी भरलेली नसणार. ती जातच लहान असते, कोळंबी आणि बारीक मासे खाते. पण बाजारात कापून ठेवलेल्या तुकड्यांवरून ती छोट्या जातीची की मोठ्या जातीच्या शार्कची, हे तुम्हा-आम्हाला सांगता येत नाही. म्हणून गरोदर बाईनं मोरी, मुशी, ओली असो की सुकी, ताटात घेऊ नये, असंच मी सांगेन. अमेरिका आणि ब्रिटनमधला अधिकृत सल्लाही शार्क टाळा असाच आहे.

‘आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणी खात आल्या, कुणाला काय झालं?’ हा तुमचा प्रश्न मला मनापासून पटण्यासारखा वाटतो आणि तरीही तो तुम्ही सोडून द्यावा असं वाटतं. कमी प्रमाणातल्या पाऱ्याचा परिणाम एका मुलाकडे बघून कळत नाही. लक्ष थोडं कमी लागणं, शब्द थोडे उशिरा सुचणं, हाताची बारीक कामं थोडी अडखळणं, हे हजार मुलं वर्षानुवर्षं पाहिली तरच दिसतं. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या मुलांचा असा अभ्यास झाला. तिथल्या बायका पायलट व्हेलचं मांस खात, ज्यात पारा भरपूर. मुलांमध्ये असे बारीक फरक सापडले. मात्र हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर, जिथं बायका गरोदरपणात आठवड्यातून बारा-बारा वेळा साधे समुद्री मासे खात, तिथल्या मोठ्या अभ्यासात तसं ठळक नुकसान दिसलं नाही. शास्त्रज्ञ यावर अजून बोलत असतात. माझ्या समजुतीप्रमाणे माशात जे चांगलं असतं, मेंदूला लागणारी ओमेगा मेदाम्लं, आयोडीन, बी-१२, प्रथिनं, ते पाऱ्याशी दोन हात करत असतं, आणि कोणता मासा खाल्ला यावर कोण जिंकणार ते ठरतं.

इथंच तुमच्या लेकीची चूक झाली आहे. तिनं मोरी सोडली ते बरोबर, पण बांगडा सोडला ते चुकलं. तिनं जी यादी वाचली तिच्यात ‘किंग मॅकरेल’ असणार. तो अटलांटिकमधला मोठा शिकारी मासा, आपल्या सुरमईचा भाऊबंद. आपला बांगडा म्हणजे ‘इंडियन मॅकरेल’, वीतभर लांबीचा, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खाणारा, शिडीच्या खालच्या पायरीवरचा. नावात ‘मॅकरेल’ एवढंच काय ते सारखं. अमेरिकी तक्त्यात किंग मॅकरेलमध्ये किलोमागे ०.७३ मिलिग्रॅम पारा आहे, आणि बांगड्याच्या नात्यातल्या लहान मॅकरेलमध्ये ०.१ हूनही कमी. एका शब्दापायी कोकणातला स्वस्त आणि गुणी मासा या मुलीच्या ताटातून गेला, आणि तेही बी-१२ कमी असताना. माझ्याकडे येणाऱ्या गरोदर मुलींमध्ये ही गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की आता मी आधी नावं मराठीत विचारते.

मग काय घालायचं तिला? आठवड्यात दोन ते तीन वेळा मासे, मिळून साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, हे गरोदरपणात सांगितलेलं माप आहे. बांगडा, तारली किंवा पेडवे, मांदेली, बोंबील, मुडदुशी, कोळंबी, माकूल, लहान पापलेट, यातलं काहीही. बोंबील तसा खादाड शिकारी, पण आयुष्य छोटं, साठायला वेळच मिळत नाही. तिसऱ्या, कुर्ल्या, सगळं नीट शिजवून. तळ्यातला रोहू, कटला चालेल. नोकरीच्या गडबडीत तिला बासा माशाचे तयार तुकडे सोपे वाटत असतील तर पाऱ्याच्या दृष्टीनं तेही चालतील, फक्त ओमेगा त्यात फारसं नाही. सुरमई, रावस, घोळ आवडत असतील तर लहान, अख्खा मासा डोळ्यांदेखत कापून घ्या, आणि तोही कधीतरी. मोठ्या सुरमईचे ताटलीएवढे मधले काप हे पाहुण्यांच्या पंगतीत शोभतात, पण या नऊ महिन्यांत ते नकोत. कुपा म्हणजे ट्यूना, तलवार मासा, मोठे पाखट, हे सरळ टाळा. पावसाळ्यात १ जूनपासून मासेमारी बंद झाली की सुके बोंबील, जवळा चालेल, मीठ धुऊन आणि रक्तदाब ठीक असेल तर. सुकी मोरी नाही. आणि कुणी शार्कच्या यकृताचं तेल सुचवलं तर तेही नको, त्यात पाऱ्याचा प्रश्न नाही पण अ जीवनसत्त्व इतकं असतं की गर्भाला बाधू शकतं. बी-१२ साठी मात्र डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालूच ठेवायचं, माशांच्या भरवशावर सोडायचं नाही.

लेकीनं आजवर जी काही मोरी किंवा सुरमई खाल्ली असेल तिचं काय, हा प्रश्न तिच्या मनात नक्की असणार. एखाददुसऱ्या वाटीनं काही होत नाही. रक्तातला मिथाइल पारा साधारण ५० दिवसांनी निम्मा होतो, आणखी ५० दिवसांनी त्याच्या निम्मा. तिनं सोडल्यापासूनच तो उतरणीला लागलाय. ज्या वाचकांच्या घरी पुढच्या वर्षी पाळणा हलावा असा विचार चालू असेल, त्यांनी याच हिशेबानं सहा महिने आधीपासून मोठे शिकारी मासे बाजूला ठेवावेत. दिवस गेल्याचं कळतं तोवर पहिले पाच-सहा आठवडे निघून गेलेले असतात.

आणि मोरीनं दूध येतं का? मोरीत असं काही खास नाही. बाळ जितक्या वेळा अंगावर पितं तितकं दूध येतं. आईला पोटभर जेवण, भरपूर पाणी आणि झोप लागते. मोरीच्या रश्शात तिला प्रथिनं मिळत होती, गरम गरम काही पोटात जात होतं, आणि कुणीतरी समोर बसून ‘अजून एक तुकडी घे’ म्हणत होतं. हे सगळं मुडदुशीच्या सारातूनही होतं, आणि मुडदुशी तर आपल्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला हलकी म्हणून देतातच. अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शेवग्याचा पाला आहेच. लेकीचं बाळंतपण तुम्हीच करणार असाल तर हे आताच ठरवून ठेवा.

आता लेकीचं ते वाक्य. ते तुम्हाला लागलं, आणि लागणारच. मी तुम्हाला जपानमधली एक गोष्ट सांगते. मिनामाता नावाचं गाव, खाडीच्या काठावरचं. तिथल्या चिस्सो कारखान्यानं १९३२ पासून १९६८ पर्यंत पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडलं. आधी मांजरं झोकांड्या खात मरायला लागली, मग १९५६ मध्ये मुलांमधला आजार पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदला गेला. तिथं अशीही बाळं जन्मली की जी मान धरत नव्हती, गिळू शकत नव्हती, आणि त्यांच्या आयांना मात्र फारसा त्रास नव्हता. त्या वेळी डॉक्टर मानत होते की वार (प्लासेंटा) विषाला अडवते, पोटातलं बाळ सुरक्षित असतं. या बाळांनी ते खोटं ठरवलं. आईच्या अंगातलं विष बाळानं ओढून घेतलं होतं. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवायची रीत आहे. पुढे संशोधकांनी त्या जुन्या डब्यांतल्या नाळा तपासल्या आणि त्यात पारा मिळाला. वर्षानुवर्षं मायेनं जपलेली नाळ, तीच साक्षीला उभी राहिली.

त्या बायकांनी आपल्या खाडीतले मासे शिजवून खाल्ले होते. त्यांच्या हातून काय पाप घडलं? तुमच्या मोरीची आणि मिनामाताची बरोबरी नाही. तिथं प्रमाण भयंकर होतं, कितीतरी पटींनी वेगळी गोष्ट होती. पण दोष कुणाचा, हा प्रश्न मला तिथंही आणि धायरीच्या स्वयंपाकघरातही सारखाच दिसतो. समुद्रात पारा तुम्ही सोडला नाहीत. आज मिनामाताच्याच नावानं पाऱ्याविरुद्ध जागतिक करार आहे, २०१७ पासून लागू झालेला, आणि २०१८ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. एवढ्या देशांना मिळून जे निस्तरावं लागतंय, त्याचा जाब एका बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या बाईकडे मागणं अन्यायाचं आहे.

लेकीला हे भांडून सांगू नका. तिला पहिलं मूल होतंय, ती घाबरली आहे, आणि घाबरलेलं माणूस जवळच्यालाच बोलतं. ‘आम्ही खाल्लं, आम्हाला काय झालं’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. त्यानं तिला वाटेल की आईला बाळाची पर्वा नाही. त्याऐवजी म्हणा, “मोरीचं तुझं बरोबर होतं, मला माहीत नव्हतं. बांगड्याचं मात्र तुझं चुकतंय, ये, दोघी मिळून बघू.” आणि हेही सांगा, शांतपणे, की तिचं ते वाक्य तुम्हाला जिव्हारी लागलं. आई झाली म्हणून सगळं गिळायचं असं नाही. जमलं तर एका रविवारी तिला गणेश पेठेच्या मासळी बाजारात घेऊन जा. लवकर, गर्दीच्या आधी. कोळिणीच्या पाटीत बांगडे रचलेले असतात ना, पाठीवर निळसर-हिरवे पट्टे, डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उचलला की लालभडक, ते तिच्या हातात द्या. शेजारच्या फळीवर आडवी पडलेली मोठी सुरमई दाखवा. कोण कुणाला खातं हे त्या दोघांना शेजारी पाहिल्यावर समजावून सांगावं लागत नाही. वासाची शिसारी येत असेल तर बाजार राहू दे, घरीच तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं करा आणि डबा वाकडला पोचवा.

सुनेला सांगायचं की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ‘तिला अजून काही बोलले नाही’ असं दोनदा लिहिलंय. माझं मत सांगते: सांगा. ननंद आज ना उद्या बोलेलच, त्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं. माफी मागत, रडत नको, कारण मग तिला तुमचेच डोळे पुसत बसावं लागेल. “बाळाचं बोलणं दाखवून घेऊ या, मी सोबत येते, आणि मोरीबद्दल मला हे आता कळलंय,” एवढं पुरे. दवाखान्याच्या फेऱ्या असतील, वाचा-उपचाराचे तास असतील, दोघंही नोकरी करणारी. तिथं तुमची खरी गरज आहे. उपचार करणारे घरी रोज काय करायचं ते शिकवतात, आणि दिवसभर त्याच्याबरोबर कोण असतं? तुम्हीच. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना त्याच्याशी बोलत राहा. मालवणीत बोललात तरी चालेल, त्यानं मूल गोंधळत नाही.

राहिली फ्रीजरमधली दीड किलो मोरी. लेकीला, सुनेला आणि नातवाला नको. सून अजून मूल होऊ देणार असेल, आणि लहान मुलाच्या वजनाला तर मर्यादा आणखी कमी पडते. तुम्ही आणि तुमचे यजमान खाऊ शकता. ऑस्ट्रेलियात मोठ्या माणसांना शार्कचा आठवड्यातून एक दीडशे ग्रॅमचा भाग चालतो असं सांगतात, त्या आठवड्यात दुसरा मासा न घेता. तुम्ही पंधरवड्यातून एकदा करा. दोघांत पाच-सहा वेळा पुरेल, तीन महिन्यांत संपेल. आणि भावाला फोन करून सांगा, पुढच्या खोक्यात बांगडे आणि मुडदुशी घाल म्हणून.